थोडक्यात भागवणारं यंत्र

मंडळी, एक काम करा. गूगलचा नकाशा उघडा, वरून घेतलेलं छायाचित्र दिसेल असं करा आणि अमेरिकेतल्या कुठल्याही गावाच्या कडेला असलेलं एखादं मोठं दुकान, नाहीतर शाळा शोधा. जरा जवळ जा. इमारत बैठी, छप्पर सपाट, आणि त्या छपरावर ओळीनं मांडून ठेवलेल्या चौकोनी पेट्या. प्रत्येक पेटीवर एक-दोन गोल जाळ्या दिसतील, ते पंखे. एकदा दिसल्या की मग सगळीकडे दिसायला लागतात.

या पेट्यांना इथे 'रूफटॉप युनिट' म्हणतात. सगळा एसी एका पेटीत. कॉम्प्रेसर, कॉइल, पंखे, सगळं आतच, खाली छपराला भोक आणि त्यातून डक्ट. माझं पोट याच पेट्यांवर चालतं. "म्हणजे तू एसी दुरुस्त करतेस ना गं?" असं आत्या दर दिवाळीला फोनवर विचारते आणि मी "हो, तसंच काहीतरी" म्हणून विषय बदलते. खरं म्हणजे मी दुरुस्ती करत नाही. पेटीनं कधी चालायचं, कधी थांबायचं आणि किती जोरानं चालायचं, हे ठरवणारी जी यंत्रणा असते तिचं काम मी करते. यात ठरवायचं काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. उकडलं की चालू, गार झालं की बंद! पण या साध्या वाटणाऱ्या गोष्टीला सव्वाशे वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि तो मला फार आवडतो. म्हणून आज आत्यासाठी (आणि तुमच्यासाठीही) तो लिहून काढायचा बेत आहे.

आधी अडचण काय आहे ते सांगते. मंगल कार्यालयातलं पाचशे पानांचं पातेलं डोळ्यांपुढे आणा. आता त्याच पातेल्यात, त्याच भट्टीवर, रोज दोघांचा भात शिजवायचा आहे असं समजा. काय होईल? क्षणात करपेल. मग तुम्ही भट्टी विझवणार, परत पेटवणार, परत विझवणार. छपरावरच्या पेटीचं अगदी हेच होतं. ती निवडताना वर्षातला सगळ्यात तापलेला दिवस धरून निवडतात, आणि ते बरोबरच आहे, कारण त्या दिवशी ती कमी पडली तर कोणी ऐकून घेणार नाही. पण तसे दिवस वर्षात थोडेच. उरलेल्या सगळ्या दिवशी पेटीपुढे दोघांचाच भात असतो. आणि पेटीचं हृदय म्हणजे कॉम्प्रेसर, त्याला मुळात दोनच गोष्टी येत होत्या : पूर्ण जोरानं चालणं किंवा थांबणं. आपल्या सोसायटीच्या पाण्याच्या पंपासारखं.

तेव्हा प्रश्न असा, की मोठ्या यंत्राला थोडक्यात भागवायला कसं शिकवायचं?

याचं उत्तर शोधताना मला एक मजेशीर गोष्ट लक्षात आली. या पेटीला हुकूम देणारा थर्मोस्टॅट आणि हुकूम पाळणारं थंडाव्याचं यंत्र, हे दोघे एका घरात जन्मलेलेच नाहीत. त्यांची कुळंच वेगळी.

थर्मोस्टॅटचा जन्म थंडीतला. विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर गावी शिक्षक घडवणारं एक विद्यालय होतं, तिथे वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक शिकवायचे. इमारत तापवायला तळघरात भट्टी. वर्गात किती ऊब आहे ते पाहायला शिपायानं दर तासाला प्रत्येक वर्गात यायचं आणि मग खाली जाऊन झडपा कमी-जास्त करायच्या. शिकवण्यात सतत व्यत्यय. वैतागून जॉन्सननी वर्गातल्या तापमानाप्रमाणे तळघरात विजेची घंटा वाजेल अशी सोय केली आणि १८८३ साली तिचं पेटंट घेतलं. दोनच वर्षांनी, १८८५ मध्ये, मिनियापोलिसमध्ये अल्बर्ट बट्झ यांनी भट्टीची झडप आपोआप उघडणारं यंत्र केलं. पहिल्याच्या कामातून जॉन्सन कंट्रोल्स आणि दुसऱ्याच्या कामातून पुढे हनीवेल, अशा दोन मोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. या दोघांनाही एकच गोष्ट कळून घ्यायची होती : खोलीत ऊब पुरेशी आहे की नाही. उत्तर हो किंवा नाही. बर्फाळ विस्कॉन्सिनमध्ये, मिनेसोटात, तेवढं उत्तर पुरेसं होतं.

दुसरं कूळ विलिस कॅरिअर यांचं. साल १९०२, वय २५, नोकरी बफेलो फोर्ज नावाच्या कंपनीत. ब्रुकलिनमधल्या सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्याची तक्रार आली होती. रंगीत छपाई करताना एकेक रंग वेगळा छापावा लागे, आणि मधल्या काळात हवेतल्या दमटपणामुळे कागद फुगे नाहीतर आकसे. मग रंगावर रंग नीट बसत नसे. कॅरिअरनी १७ जुलै १९०२ ही तारीख घातलेले आराखडे केले आणि छापखान्यातली आर्द्रता सुमारे ५५ टक्क्यांवर ठेवायचं ठरवलं. आज ज्याला आपण एसी म्हणतो त्याचा जन्म हा असा, माणसांच्या सुखासाठी नाही तर कागदासाठी. आणि उकाड्यावर नाही तर दमटपणावर! 'एअर कंडिशनिंग' हा शब्दसुद्धा १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर यांनी कापड गिरण्यांतली हवा दमट ठेवण्याच्या संदर्भात वापरला. सुतासाठी. गारव्याची चैन माणसांपर्यंत पोचायला वेळ लागला. १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात कॅरिअरचं यंत्र बसलं, तेव्हा कुठे साध्या माणसाला तिकिटाच्या पैशात थंड हवा मिळाली.

तर एका घराण्याला फक्त तापमान कळतं आणि दुसऱ्या घराण्याचा मूळ धंदा ओलाव्याचा. दुसऱ्या महायुद्धानंतर या दोघांचं लग्न लागलं. अमेरिकेत शहराबाहेर बैठ्या इमारतींचं पीक आलं. शाळा, दुकानं, कचेऱ्या. मोठ्या यंत्राला तळघर द्यायचं, पाण्याचे नळ फिरवायचे, सांभाळायला माणूस ठेवायचा, हे सगळं परवडणारं नव्हतं. कारखान्यातून तयार पेटी आणा, क्रेननं उचला, छपरावर ठेवा, वीज जोडा, झालं. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात एझ्रा एरेनक्रांट्झ या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली शाळा बांधण्याचा एक नावाजलेला प्रकल्प झाला. कारखान्यात केलेले सुटे भाग जुळवून शाळा उभ्या करायच्या, म्हणजे भिंती हव्या तशा हलवता येतील, अशी कल्पना. त्यात वातानुकूलनाचं काम लेनॉक्स कंपनीच्या छपरावरच्या पेटीला मिळालं. एकाच पेटीतून वेगवेगळ्या वर्गांना वेगवेगळी हवा. वास्तुकलेवर लिहिणारे रेनर बॅनम यांनी आपल्या पुस्तकात या पेटीची दखल घेतली. छपरावरच्या पेटीला एवढा मान क्वचितच मिळाला असेल.

पण पेटीला हुकूम देणारा कोण? तोच, भट्टीच्या घराण्यातला, भिंतीवरचा थर्मोस्टॅट. त्याच्यात फक्त जोडणी उलटी केली. पूर्वी गार झालं की वीज जोडली जायची, आता गरम झालं की जोडायची.

या दोघांची बोलायची भाषा मला फार गोड वाटते. २४ व्होल्टच्या बारीक तारा आणि प्रत्येक तारेला एक अक्षर. 'आर' म्हणजे लाल, वीजपुरवठा. 'जी' म्हणजे हिरवी, पंखा. 'डब्ल्यू' म्हणजे पांढरी, ऊब. आणि 'वाय' म्हणजे पिवळी, गारवा. पिवळ्या तारेत वीज आली की पेटी समजते, गारवा हवाय. वीज गेली की समजते, बास. झालं, संपली भाषा. "थोडासाच हवाय" असं म्हणायला या भाषेत शब्दच नव्हता.

तो शब्द घडवला तो असा : एकाऐवजी दोन पिवळ्या तारा. 'वाय-वन' आणि 'वाय-टू'. पेटीत एका मोठ्या कॉम्प्रेसरऐवजी दोन लहान. खोली ठरवलेल्या तापमानाच्या जराशी वर गेली की पहिला सुरू होतो, आणि तरीही पारा चढतच राहिला तर दुसरा. यालाच आमच्या धंद्यात 'स्टेजिंग' म्हणतात. टप्प्याटप्प्यानं वाढवणं, टप्प्याटप्प्यानं कमी करणं. जुन्या थर्मोस्टॅटमध्ये धातूच्या एकाच गुंडाळीवर पाऱ्याच्या दोन काचेच्या नळ्या किंचित वेगळ्या कोनात बसवलेल्या असत. गुंडाळी तापून वळली की आधी एका नळीतला पारा घरंगळे, मग दुसरीतला. ना चिप, ना प्रोग्रॅम. अजूनही एखाद्या जुन्या इमारतीत असा थर्मोस्टॅट सापडला की मी तो काढण्याआधी दोन मिनिटं नुसती बघत बसते.

मग माणसाचं डोकं चालू लागलं. दोन कॉम्प्रेसर सारख्याच ताकदीचे कशाला हवेत? वाण्याकडे एक किलो आणि दोन किलो अशी दोनच वजनं असली तरी तो एक, दोन आणि तीन किलो मोजून देतोच की. तसंच एक कॉम्प्रेसर लहान, दुसरा त्याच्या दुप्पट. लहान एकटा, मोठा एकटा, दोघं मिळून : तीन टप्पे झाले. मोठ्या पेट्यांत चार-चार कॉम्प्रेसर आले. काहींनी दुसरी युक्ती काढली. कॉम्प्रेसरमधल्या काही सिलिंडरांची गॅस आत घेणारी झडप उघडीच धरून ठेवायची. दट्ट्या खालीवर होतो, पण दाबत काहीच नाही. म्हणजे चार बैलांच्या गाड्यातले दोन बैल नुसते बरोबर चालतात. आणखी एक उपाय होता, तो मला कधीच आवडला नाही. दाबलेला गरम गॅस थेट कॉइलकडे वळवायचा, म्हणजे कॉम्प्रेसरला खोटं ओझं मिळतं आणि तो बंद पडत नाही. एका हातानं गार करायचं आणि दुसऱ्या हातानं तापवायचं. वीजबिल मात्र खरं.

टप्पे आले तसे शिष्टाचारही आले. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढतो, म्हणून दोघांनी एकदम उठायचं नाही, मध्ये काही सेकंद जाऊ द्यायचे. थांबल्यावर लगेच परत सुरू व्हायचं नाही, तीन ते पाच मिनिटं विश्रांती, कारण आत दोन्हीकडचा दाब सारखा व्हायला तेवढा वेळ लागतो. सुरू झाल्यावर लगेच थांबायचंही नाही. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर नळ्यांतून फिरत असतं, ते फिरून घरी यायला अवधी लागतो. दर खेपेला मिनिटभरच चाललात तर तेल वाटेतच राहील आणि एक दिवस कॉम्प्रेसर कोरडा घासून मरेल. आणि शेवटचा शिष्टाचार पाळीचा : रोज पहिला मान एकालाच नको. आज तू आधी, उद्या तो. झीज दोघांत वाटली जाते. (आमच्या घरी भांडी घासण्याबद्दल असाच नियम लावायचा माझा प्रयत्न सुरू आहे.)

१९७३ च्या तेलसंकटानं या कथेत एक नवीन पात्र आणलं. १९७५ साली इथल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेनं, म्हणजे ॲश्रेनं, इमारतींच्या ऊर्जाबचतीचं पहिलं मानक काढलं. बाहेरची हवाच पुरेशी गार असेल तर कॉम्प्रेसर कशाला चालवायचा, झडप उघडून तीच आत घ्या, हा विचार रुळत गेला. आपण पहाटे खिडक्या उघडतो तसंच हे. यंत्राच्या भाषेत याचा अर्थ असा झाला की 'वाय-वन' म्हणजे आधी खिडकी उघड, आणि 'वाय-टू' म्हणजे आता कॉम्प्रेसर लाव. शब्द तेच, अर्थ हवेप्रमाणे बदलणारा. भाषा थोडी मोठी झाली म्हणायची.

इथवर सगळं शहाणपणाचं चाललेलं दिसतं. पण त्या लग्नातला जुना तिढा आत तसाच होता. हुकूम देणाऱ्याला ओलावा दिसत नव्हता.

दमट हवा गार कॉइलवरून गेली की पाणी सुटतं, हे आपल्याला ठाऊक आहे. थंड ताकाच्या पेल्याला बाहेरून घाम येतो तसं. पण कॉम्प्रेसर सुरू झाल्या झाल्या पाणी नळीतून बाहेर पडत नाही. पहिली काही मिनिटं ते कॉइलच्या पत्र्यांनाच चिकटून साठत असतं. त्याआधीच खोली गार झाली, कॉम्प्रेसर थांबला आणि पंखा मात्र चालूच राहिला, तर? तर पंख्याच्या वाऱ्यानं ते सगळं पाणी परत उडून खोलीतच येतं. म्हणजे कपडे पिळून, तेच पाणी त्यांच्यावरच शिंपडायचं. फ्लोरिडा सोलर एनर्जी सेंटरच्या संशोधकांनी याचा बारकाईनं अभ्यास केला, २००६ मध्ये त्यांचा मोठा अहवाल आला. थोडा वेळ चालून सारखं थांबणारं यंत्र, पंखा अखंड चालू ठेवला तर, हवा जवळजवळ कोरडी करतच नाही, हे त्यात आकडेवारीनिशी मांडलं होतं.

पंखा अखंड का चालू ठेवायचा? कारण बाहेरची ताजी हवा आत यायला हवी. तेलसंकटाच्या काळात बचतीपायी इमारती घट्ट बंद केल्या गेल्या होत्या, ताज्या हवेचं किमान प्रमाण माणशी मिनिटाला ५ घनफुटांपर्यंत उतरलं होतं. लोकांची डोकी दुखायला लागली, खोकले सुरू झाले. १९८९ मध्ये ॲश्रेनं हे किमान प्रमाण १५ घनफुटांवर नेलं. योग्यच केलं. पण दक्षिणेकडच्या दमट राज्यांत त्याचा अर्थ असा झाला की तिप्पट ओली हवा आत घ्यायची, पंखा दिवसभर चालवायचा, आणि ओलावा न कळणाऱ्या थर्मोस्टॅटच्या हाती सगळा कारभार. एक चांगला नियम आणि एक जुनं यंत्र एकमेकांसमोर आले.

याचं एक उदाहरण मी जवळून पाहिलंय. टेक्सासमध्ये, समुद्रापासून फार लांब नसलेल्या एका गावची शाळा. हवा म्हणाल तर थेट आपला कोकणातला जून. तिथल्या ग्रंथालयाची तक्रार होती की खोली गारठलेली असते तरी कुबट वास येतो. मी पोचले तेव्हा पुस्तकांची पानं लाटांसारखी वाकडी झालेली पाहिली आणि मला छापखान्यातला तो फुगणारा कागदच आठवला. ग्रंथपाल बाई साठीच्या असतील. त्यांनी स्वतःच्या पैशानं घरगुती ओलावा शोषणारं यंत्र आणून कोपऱ्यात ठेवलं होतं आणि त्याची बादली त्या दिवसातून दोनदा मोरीत ओतायच्या. इतिहासाची जुनी पुस्तकं त्यांनी सगळ्यात वरच्या फळीवर हलवली होती. "दहा टनांची पेटी पुरत नाही, पंधराची बसवूया," असं शाळेनं ठरवून टाकलं होतं. (टन म्हणजे पेटीचं वजन नव्हे. पूर्वी बर्फानं गारवा करत. दिवसाला एक टन बर्फ वितळून जेवढा गारवा मिळेल तेवढी ती क्षमता.) नवी पेटी इमारतीच्या यंत्रणेला कशी जोडायची ते बघायला मला धाडलं होतं, एवढंच.

छपरावर जाऊन मी जुन्या पेटीचं झाकण उघडलं. आत दोन कॉम्प्रेसर, दोन टप्पे, सगळं व्यवस्थित. आणि 'वाय-वन' आणि 'वाय-टू' या दोन स्क्रूंच्या मध्ये दोन इंचांचा पिवळ्या तारेचा तुकडा जोडलेला. खाली भिंतीवर एकाच टप्प्याचा साधा थर्मोस्टॅट. कधीतरी जुना बिघडला असणार, जो हाताशी होता तो कोणीतरी बसवला असणार, आणि त्याला दुसरी तार नाही म्हणून दोन्ही टप्पे एकत्र बांधून टाकले असणार. काम त्या दिवशी झालं, खोली गार झाली, माणूस निघून गेला. तेव्हापासून दर वेळी दोन्ही कॉम्प्रेसर एकदम उठायचे, पाच-सहा मिनिटांत खोली गार करायचे आणि एकदम झोपायचे. पाणी नळीतून बाहेर पडायच्या आत. पंधरा टनांची पेटी आणली असती तर हेच चार मिनिटांत झालं असतं!

तो तुकडा काढला. दोन टप्प्यांचा, आर्द्रताही मोजणारा थर्मोस्टॅट बसवला. आता पहिला कॉम्प्रेसर एकटाच बराच वेळ चालतो आणि त्याच्या नळीतून पाण्याची धार लागते. दुसरा क्वचित उठतो. मोठ्या पेटीची खरेदी शाळेनं पुढे ढकलली. चमत्कार झाला असं नाही. पाऊस लागून राहिला की अजूनही थोडा दमटपणा असतो, वाकडी झालेली पानंही सरळ झाली नाहीत. पण बादली आता आठवड्यातून एकदा ओतावी लागते, असं बाईंनी मला नंतर कळवलं. त्या यंत्राला थोडक्यात भागवता येत होतं. त्याच्या भाषेतला तेवढा एक शब्द कोणीतरी काढून घेतला होता.

मी बरेच दिवस विचार करत होते, की असं का होतं? तो तार जोडणारा माणूस काही आळशी किंवा वाईट नसणार. मला वाटतं, कारण असं आहे की आम्ही सगळेच या यंत्रांकडे त्या एका तापलेल्या दिवसाच्या नजरेनं पाहत आलो. आमची मापंही तशीच होती. अमेरिकेत १९९२ च्या कायद्यानं अशा पेट्यांना कार्यक्षमतेची किमान अट लागू झाली, पण मोजायचं कसं? बाहेर ९५ फॅरनहाइट, म्हणजे ३५ सेल्सियस, आणि यंत्र पूर्ण जोरात. परीक्षाच एका प्रश्नाची असेल तर पोरं तेवढाच धडा वाचणार. टप्पे नीट कोण करतं, कमी ओझ्यावर कोण चांगलं चालतं, याला गुणच नव्हते.

पुढे 'आयईईआर' नावाचं नवं माप आलं. त्यात यंत्र चार ओझ्यांवर तपासतात, आणि ओझं कमी होतं तसं बाहेरचं तापमानही उतरवतात. आता गुणांची वाटणी पाहा : पूर्ण ओझ्याला फक्त २ टक्के वजन. तीन चतुर्थांश ओझ्याला ६१.७ टक्के, अर्ध्याला २३.८, पाव ओझ्याला १२.५. पहिल्यांदा हे सूत्र वाचलं तेव्हा मी थबकलेच. ज्या दिवसासाठी यंत्र विकत घ्यायचं, त्याला शंभरात दोन गुण! पंगतीच्या पातेल्याची परीक्षा शेवटी दोघांच्या भातावर घ्यायला सुरुवात झाली. २०१६ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं याच मापावर नवी किमान पातळी ठरवली, पहिला टप्पा २०१८ पासून आणि दुसरा, अधिक कडक, २०२३ पासून. (इथेही टप्पे!)

माप बदललं तशी यंत्रंही बदलली. वेग कमी-जास्त करणारा 'इन्व्हर्टर' एसी जपानमध्ये तोशिबानं १९८० च्या सुमारासच आणला होता. अमेरिकेच्या छपरांवर तो चढायला तीस वर्षं लागली. २०११ मध्ये ऊर्जा खात्यानं उत्तम रूफटॉप युनिट करून दाखवा असं आव्हान कंपन्यांना दिलं आणि २०१२ मध्ये डायकिन मॅक्वे यांचं, वेग बदलणाऱ्या कॉम्प्रेसरचं यंत्र त्यात पहिलं उतरलं. मधल्या काळात 'डिजिटल स्क्रोल' नावाचा गमतीदार प्रकारही आला. त्यात शंखासारख्या दोन गुंडाळ्या एकमेकींत फिरून गॅस दाबतात. थोडाच गारवा हवा असेल तर त्या काही सेकंदांसाठी एक मिलिमीटरनं दूर करायच्या. मोटर फिरत राहते, दाबणं थांबतं. पुन्हा जवळ आणायच्या. एका मिलिमीटरचा संयम.

आपल्याकडेही हे झालंय बरं का. २०१८ पासून घरगुती एसीच्या स्टार लेबलवर 'आयएसईईआर' हा आकडा सक्तीचा झाला. तोही वर्षाचे १६०० तास, २४ ते ४३ सेल्सियसपर्यंतची वेगवेगळी तापमानं धरून काढतात. म्हणजे लेबलवरचे तारे बघता तेव्हा तुम्ही एसी सगळ्यात जास्त किती राबतो ते नाही, तर साध्या दिवशी कसा वागतो ते बघत असता.

छपरावरच्या पेट्या पंधरा-वीस वर्षं सहज काढतात, त्यामुळे दोन शब्दांच्या भाषेतल्या पेट्या अजून हजारोंनी चालू आहेत. त्या सगळ्या बदलायला पैसा लागेल, वेळ लागेल. पण त्यातल्या कितीतरी पेट्यांना आधीपासूनच जे येतंय, तेवढं त्यांना करू दिलं तरी पुष्कळ आहे. मंद आचेवर, बराच वेळ, न करपवता. माणसांबद्दलही असंच काही म्हणता येईल का, ते तुम्ही ठरवा. मी यंत्रांपुरतं सांगते.

आणि आत्या, तुझ्या हॉलमधला एसी दर पाच मिनिटांनी बंद पडतो आणि तरी तुला चिकट वाटतं, असं मागे म्हणाली होतीस ना? त्याहून मोठा घेऊ नकोस. लहान घे.